जिचं बदलणार ती उभी

"काखेत बघ, काखेत. हात वर केला की ब्लाउज उसवलंच म्हणून समज."

त्रिशला चारूच्या कानाला लागून कुरकुरत होती. तिच्या मते ती कुजबुज होती. आत बोलावण्याची वाट बघत बाकड्यांवर बसलेल्या सगळ्या माणसांनी ती ऐकली. "मुमीला माप द्यायचं म्हणजे विजेच्या खांबाला द्यायचं. ऐकून घेते, मान डोलावते आणि मनाला येईल तसं कापते."

"माप बरोबर आहे," पलीकडच्या खुर्चीवरून मुमताज म्हणाली. "ज्या बाईचं घेतलं होतं ती कुठं गेली ते बघ."

"घ्या! गेली म्हणते मला."

"गेली कुठली? दुप्पट होऊन परत आलीय," कुंदा म्हणाली.

चारू हसली. हसताना तिनं मान आधी त्रिशलाकडं वळवली, मग मुमताजकडं, मग कुंदाकडं. जिकडून आवाज आला तिकडं, त्याच क्रमानं. हे तिला आता सफाईनं जमायला लागलं होतं. आवाज ऐकायचा, मान वळवायची आणि समोर जो चेहरा असेल त्याला त्या आवाजाचं नाव देऊन टाकायचं. चेहऱ्यांत खोट काही नव्हती. नाक होतं, डोळे होते, गालांवर वयाच्या सुरकुत्या होत्या. सगळं जिथल्या तिथं. फक्त ते सगळं मिळून कुणी होत नव्हतं. पाटीवरची अक्षरं एकेक वाचता यावीत आणि शब्द मात्र लागू नये, तसं.

दिवाळीपासून हे असं चाललं होतं. आता होळी होऊन गेली होती, आणि चारूनं ते अजून कुणालाही सांगितलेलं नव्हतं. डॉक्टरांना नाही, नवऱ्याला नाही, आणि ज्यांच्याबरोबर लहानपणी खो-खोच्या मैदानावर गुडघे फोडून घेतले होते त्या ह्या तिघींना तर नाहीच नाही.

सुरुवातीला वाटलं, चष्म्याचा नंबर बदलला असेल. मग वाटलं, वय. मग दिवाळी होऊन गेल्यावर एके दिवशी सांगलीच्या मंडईत एक बाई तिच्याकडं बघून तोंड भरून हसली. चारूही हसली, अनोळखी माणसाकडं बघून हसतो तेवढीच, आणि पुढं जाऊन मेथीचा भाव विचारायला लागली. मेथी पिशवीत पडल्यावर सहज मागं वळली, तर ती बाई पाठमोरी निघाली होती. डावा पाय जरासा बाहेर टाकत. ती मुमताज होती. हाक मारावी तर काय म्हणून मारायची? आणि मुमताजनंही पुढं कधी त्या दिवसाचं नाव काढलं नाही. सांगायची वेळ असते, ती अशी मेथी घेता घेता निघून जाते. नंतर नुसतं लपवणंच उरतं.

घरात फारशी अडचण नव्हती. घरात दोनच माणसं. जो टीव्हीचा आवाज मोठा करतो तो नवरा.

पुढं एकदा स्वयंपाकघरात तिला भोवळ आली, तपासण्या झाल्या आणि गाठ सापडली. उजव्या कानाच्या मागं, मेंदूच्या खालच्या अंगाला. वाईट जातीची नव्हती, पण वाढत होती. काढणं भाग होतं. डॉक्टरांनी मेंदूचं चित्र टेबलावर हवेत उभं केलं आणि बोटानं फिरवून दाखवलं. माणसाच्या मेंदूत चेहऱ्यांसाठी एक राखीव कोपरा आहे म्हणाले. दोन कावळे समोर बसले तर आपल्याला वेगळे सांगता येत नाहीत, पण जत्रेच्या गर्दीत आपली बहीण लांबून कळते, ती ह्या कोपऱ्यामुळं. गाठ नेमकी तिथंच रुतून बसली होती. "बाकी सगळं राहील. बोलणं, चालणं, आठवणी, हिशेब, स्वयंपाक. चेहरे तेवढे जातील," डॉक्टर म्हणाले.

'जातील' म्हणाले. गेलेले असतील हे त्यांच्या मनातही आलं नाही, कारण चारूनं येऊ दिलं नाही. त्यांनी प्रसिद्ध माणसांचे फोटो दाखवले. चारूनं कुणाला मिशीवरून, कुणाला फेट्यावरून, कुणाला केसांच्या कोंबड्यावरून बरोबर सांगितलं. डॉक्टर खूश झाले. "म्हणजे अजून वेळ आहे," म्हणाले, आणि मिरजेच्या ह्या ओळख केंद्राचा पत्ता दिला.

तर आजचा दिवस हा असा. आज चारूला आपल्या तीन मैत्रिणी ओळखून दाखवायच्या होत्या.

ह्या चौघी मुळात एका खो-खो संघातल्या. संघ केव्हाच मोडला. कुणी परगावी गेल्या, दोघी देवाघरी गेल्या. ह्या चौघी मात्र एकमेकींना चिकटून राहिल्या. कुंदा खेळाडूंच्या राखीव जागेवर पोलिसात लागली आणि हवालदार म्हणून निवृत्त झाली. त्रिशला हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरात पडली. मुमताज लग्न होऊन मस्कतला गेली, नवरा वारल्यावर परत आली आणि शिवणाचे क्लास काढले. चारू बँकेत चिकटली. त्यांचा एक रिवाज होता. कुणाच्याही आयुष्यात मोठा बदल व्हायचा असला की आदल्या आठवड्यात चौघींनी फोटो काढायचा. त्रिशलाच्या लग्नाआधी काढला, कुंदाच्या पहिल्या नेमणुकीआधी काढला, मुमताज विमानात बसायच्या आधी रडून सुजलेल्या डोळ्यांनी काढला. बसायची पद्धतही ठरलेली: जिचं बदलणार ती उभी, बाकीच्या तिच्यापुढं बसलेल्या. खो-खोत पाठलाग करणारी एकटी उभी असते आणि तिच्या बाकीच्या गडिणी ओळीत बसलेल्या असतात, त्यावरून हे आलेलं. गणपती पेठेतला तो स्टुडिओ जाऊन तिथं आता गाड्यांच्या बॅटऱ्या बदलून देतात, पण फोटो चुकला नव्हता.

ह्या वेळी उभं राहायची पाळी चारूची होती.

"आलात का सगळ्या? या, या मावशी." केंद्रातली तज्ज्ञ शर्वरी दार उघडून म्हणाली. पस्तिशीची, बोलकी मुलगी. चौघींच्या अंगावरच्या एकसारख्या मरून साड्या बघून ती खुलली. "अरे वा! मी नुसतं 'एका रंगाचं काहीतरी' म्हटलं होतं."

"संघाचा रंग आहे," कुंदा म्हणाली. "चड्डी-बनियन आता शोभणार नाही, म्हणून साडी."

शर्वरीनं निरोपातच कळवलं होतं: अत्तर नको, गजरा नको, टिकली नको, चष्मे काढून ठेवायचे. आत गेल्यावर तिनं तिघींच्या केसांवर पातळ पांढऱ्या टोप्या चढवल्या. ऑपरेशनवाले घालतात तसल्या. इतका वेळ कुंदाचं सोपं होतं, तिचे केस पोरासारखे कापलेले. मुमताजचं अत्तर असायचं, त्रिशलाच्या हाताला हळदीचा वास. एकेक खूण शर्वरीनं काढून घेतली. आणि साठी जवळ आली की बायका अंगानंही एकाच साच्यातून काढल्यासारख्या होतात. पूर्वीची काडी त्रिशला आणि पूर्वीची गोल कुंदा मधेच कुठंतरी एकमेकींना भेटल्या होत्या.

"कशाला गं एवढं सोंग?" त्रिशलानं विचारलं. "टोपी घालून मी पावभाजीवाली दिसतेय."

"फक्त चेहरा उरायला पाहिजे, मावशी. म्हणजे जे नोंदलं जाईल ते चेहऱ्याचंच." शर्वरी चारूच्या डोक्यावर तारांची जाळी बसवता बसवता सांगायला लागली. "बघा, नाव सांगणारा कॅमेरा आता दारावरच्या बेलमध्येसुद्धा असतो."

चारूला माहीत होतं. तिनं गुपचूप फोनला ते काम लावून बघितलं होतं. 'त्रिशला चौगुले. मैत्रीण,' असं फोन तिच्या कानात म्हणाला होता, पंचनामा वाचल्यासारखा. समोर त्रिशला हसत उभी होती आणि चारूला वाटलं, बरं, असेल. दुसऱ्याच दिवशी तिनं ते बंद करून टाकलं.

"पण नाव कळणं वेगळं आणि ओळख पटणं वेगळं," शर्वरी सांगत होती. "मेंदूत दोन वाटा आहेत. एक वाट सांगते, ही अमुक. दुसरी वाट तोंडानं काही सांगत नाही, ती नुसती अंगाला कळवते. आपलं माणूस दिसलं की तळहाताला अगदी बारीक घाम सुटतो, छातीचा ठोका इतकासा बदलतो. आपल्याला पत्ताही लागत नाही. ह्याला आम्ही लहर म्हणतो. प्रत्येक माणसाची लहर वेगळी. नवऱ्याची वेगळी, मुलाची वेगळी."

"नवऱ्याला बघून मलाही घाम सुटतो," त्रिशला म्हणाली. "तो तसला नव्हे ना?"

"गप की गं," कुंदा म्हणाली.

"तुमच्या लहरी आज आम्ही टिपून ठेवणार," शर्वरीनं चारूच्या बोटात एक रबरी अंगठी सरकवली. "ऑपरेशननंतर चष्म्यातल्या कॅमेऱ्याला तो चेहरा दिसला की मनगटावरची पट्टी तीच लहर तुमच्या हातात सोडेल. ऊब, दाब, थरथर, जशी तुमची होती तशी. म्हणजे ओळख बाहेरची नाही. तुमचीच तुम्हाला परत."

"लोणचंच म्हणायचं," त्रिशला म्हणाली. "कैऱ्या आहेत तोवर घालून ठेवायचं."

"अगदी तसंच," शर्वरी हसली. "फक्त कैऱ्या पाहिजेत. आत्ता ओळख पटत असेल तरच लहर उठते. उठलीच नाही तर टिपणार काय? आणि फोटो चौघींचा एकत्र पाहिजे. एकेकीचा दाखवला की मेंदू परीक्षेला बसतो. सगळ्या एका चित्रात असल्या की तो घरी असतो."

चारूच्या मेंदूला कुठंही असलं तरी आज परीक्षाच होती. पण तिनं उपाय शोधून ठेवला होता.

"बसायचं मी सांगते तसं," ती म्हणाली. आवाज ऐकून ऐकून तिनं एकेकीला दंडाला धरून बाकावर बसवलं. "त्रिशला, तू इकडं. कुंदा मध्ये. मुमताज, तू त्या टोकाला."

"एवढा हुकूम कधीपासून?" मुमताज म्हणाली.

"उभी राहणारीचा हक्क असतो."

ती त्यांच्या मागं जाऊन उभी राहिली. डाव्या हाताला त्रिशला, मधे कुंदा, उजव्या हाताला मुमताज. डावी त्रिशला, मधे कुंदा, उजवी मुमताज. शाळेत पाढे घोकावेत तसं ती घोकत राहिली. समोरच्या भिंतीतून कॅमेऱ्यांनी डोळे मिचकावले. शर्वरीनं हसा म्हटलं तेव्हा त्रिशलानं हात वर केला, आणि काखेतून जो आवाज आला त्यानं चौघी अशा हसल्या की पुढचे सगळे फोटो हललेले आले असते, पण आताचे कॅमेरे हलू देत नाहीत.

मग चारूला पडद्यापुढच्या खुर्चीत बसवलं. तिघी तिच्या मागं, भिंतीशी. "आता मावश्यांनो, बोलायचं नाही. फोटोतला एकेक चेहरा उजळेल. चारुशीलामावशी नाव सांगतील. जिचा चेहरा असेल तिनं फक्त 'हो' म्हणायचं. मला तुमच्यातली कोण कोण ते अजून नीट लक्षात नाही, म्हणून तुमचा 'हो' मी धरणार."

पडदा उजळला. चौघी दिसल्या, मग तिघींवर अंधार आला आणि डावीकडचा एक चेहरा उरला. टोपी, कपाळ, डोळे, हसू. एका अनोळखी, बऱ्या वाटणाऱ्या बाईचं हसू.

डावी त्रिशला.

"त्रिशला," चारू म्हणाली.

मागं शांतता. एखादीला 'हो' म्हणायला जेवढा वेळ लागतो त्याहून जरा जास्त. आणि त्या जरा जास्तमध्ये चारूला आपली चूक कळली. ती त्यांच्या मागं उभी होती. कॅमेरा त्यांच्या समोर. तिची डावी ती कॅमेऱ्याची उजवी. जन्मभर ओळीच्या मागं पळालेल्या बाईनं ओळ मागूनच मोजली होती.

"हो," मागून आवाज आला. "मी. मी त्रिशला."

आवाज मुमताजचा होता.

चारूनं खुर्चीचा हात घट्ट धरला. शर्वरीनं मान हलवून पुढचा चेहरा उजळवला. "कुंदा," चारू म्हणाली. "हो," कुंदा म्हणाली. मग उजवीकडचा चेहरा. आता खरं नाव सांगावं तर पहिलं खोटं ठरत होतं.

"मुमताज," ती म्हणाली.

"हो," त्रिशलाचा आवाज आला. पण नुसतं 'हो' म्हणून थांबेल तर ती त्रिशला कसली. घसा खाकरून ती पुढं म्हणाली, "मुमताज मुजावर. माझे शिवणाचे क्लास आहेत. मापं अगदी बरोबर घेते मी."

कुंदाच्या नाकातून एक फुसकारा निघाला. हसू होतं का दुसरं काही, चारूला मागं वळून बघायचा धीर झाला नाही.

सगळे फोटो होईपर्यंत असंच चाललं. डावीकडची त्रिशला झाली, उजवीकडची मुमताज झाली. शेवटी शर्वरीनं आकडे बघून ओठ मुडपले. "लहर येतेय, पण अगदी बारीक. आणि तिघींना एकसारखीच. दमलात बहुतेक. चहा घेऊन या, मग बघू."

बाहेरच्या लांबलचक वऱ्हांड्यातून तिघी पुढं निघाल्या, चारू मागं रेंगाळली. आणि मागून बघितल्याबरोबर तिचा श्वास मोकळा झाला. ती उजवा खांदा पाडून चालणारी कुंदा. मध्ये डावा पाय बाहेर टाकणारी मुमताज. साडीला मागून सारखी खेचत जाणारी त्रिशला. टोप्या असू देत, साड्या एकसारख्या असू देत. खो-खोत बसलेल्या गडिणी एकीआड एक तोंड फिरवून बसतात, आणि पाठलाग करणारीनं गडिणीला खो द्यायचा असतो पाठीवर. तोंड बघत बसली तर पळणारी निसटते. वर्षानुवर्षं चारूनं ह्यांच्या पाठीच बघितल्या होत्या, आणि त्या कुणी पुसल्या नव्हत्या. अंगावर काटा आला, बोटातली रबरी अंगठी ओलसर झाली. ही बातमी धावत जाऊन सांगावी असं तिला वाटलं. पण ही सांगायची तर आधीची सांगायला लागणार होती.

चहाच्या टेबलावर चौघी चहाबद्दल बोलल्या.

"आलं जास्त झालंय," मुमताज म्हणाली.

"आलं नाहीच घातलेलं. मिरी आहे ही," कुंदा म्हणाली.

"मिरजेत मिरीच घालतात," त्रिशला म्हणाली. एरवी असल्या वाक्यावर तिला तिघींनी सोलून काढलं असतं. आज तिघी आपापला चहा फुंकत राहिल्या. चहाच्या मशिननं पाचवा कप पुढं सरकवला, कुणी मागवला नव्हता तरी. तो कुंदानं निमूट प्यायला.

चारू कपाच्या काठावरून बघत होती आणि तिच्या मनात एकेक दार उघडत होतं. खरोखरची दारं. त्रिशला अलीकडं जिन्यातूनच ओरडत यायची, "चारू, मी त्रिशला गं, दार उघड!" चारू म्हणायची, ऐकू कमी यायला लागलंय हिला. मुमताज हल्ली भेटल्या भेटल्या स्वतःबद्दलच बोलायची: "मला मुमताजला कोण विचारतंय." चारूला वाटायचं, एकटेपणानं जरा बिघडलंय. आणि कुंदा, जन्मभर कमी बोलणारी कुंदा, दिवाळीनंतर दारात उभी राहिली की पोलिसी थाटात सांगायची, "कुंदा कांबळे हजर!" चारू दर वेळी हसायची.

ती मूर्ख. ह्यांना ठाऊक होतं. तिघींनाही, किती दिवस कोण जाणे. आणि आपापसातही त्या हे बोलल्या असतील असं वाटत नव्हतं. कारण बोलल्या असत्या तर इतक्या वेगवेगळ्या वेड्यासारख्या वागल्या नसत्या. एकीनं ठरवून ओरडायचं, दुसरीनं तिसरंच काही. प्रत्येकीनं एकेकटीनंच ओळखलं होतं आणि एकेकटीनंच गिळलं होतं.

"झाला का चहा?" मुमताज म्हणाली. "चला. दगडाखालचा हात काढून घेऊ एकदाचा."

"कुणाचा हात?" चारूनं विचारलं.

मुमताज कप उचलून ठेवायला गेली.

शर्वरी पडद्यापाशी वाट बघत होती. "मावशी, मी पुन्हा बघितलं. लहर फार अंधूक आहे, पण आज तरी एवढंच दिसतंय. पक्कं करायचं असेल तर करू. फक्त आधी नीट ऐका. एकदा पक्कं केलं की ऑपरेशननंतर त्यात बदल करता येत नाही. कारण तुलना करायला तुमची मूळची ओळखच उरलेली नसते. तेव्हा ह्या चेहऱ्याचं नाव त्रिशला," तिनं मुमताजचा चेहरा उजळवला, "हे नक्की ना?"

चारूनं तोंड उघडायच्या आत मुमताज म्हणाली, "नक्की. करा पक्कं."

शांतपणे म्हणाली. मंडईतून पाठमोरी निघाली होती तितक्याच शांतपणे. चारूला दिसलं ते पुढचं सगळं. ऑपरेशन होईल, ती घरी येईल, बेल वाजेल. दारात मुमताज उभी राहील आणि पट्टी चारूच्या हाताला सांगेल की ही त्रिशला. दर वेळी. आणि मुमताज ते चालवून घेईल. चारूची आज चारचौघांत शोभा होऊ नये म्हणून ती उरलेलं आयुष्य त्रिशला होऊन दारात उभी राहील, आणि त्रिशला मुमताज होऊन तिच्या शेजारी. आणि त्या दोघींत मधे कुंदा, साक्षीदार म्हणून, खोटी शपथ घेतलेली.

आणि खरं सांगितलं तर? तर इथं टिपायला काहीच नव्हतं. मग पट्टी नाही, चष्मा नाही. मग ह्या तिघी जन्मभर दारात नाव सांगत उभ्या राहणार, परक्या माणसासारख्या. ओळखीचं सोंग करून परकेपणा घ्यायचा, का परकेपणा कबूल करून काय उरतं ते बघायचं? बँकेत असताना असला प्रश्न ती मॅनेजरकडं पाठवून द्यायची.

"थांब," ती शर्वरीला म्हणाली. "आणखी एक फोटो काढायचाय."

"पुन्हा?" त्रिशला म्हणाली. "माझी दुसरी काख अजून शाबूत आहे, तिला तरी सोड."

"तिघींनी भिंतीकडं तोंड करून बसायचं."

"पाठीचा फोटो?"

"पाठीचा."

"अगं, पण फोटो चेहऱ्याचा काढतात," मुमताज म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा जरा हलला.

"उभी कोण आहे?" चारू म्हणाली. "मग? बसा."

बाक फिरवला. तिघी कुठंही बसल्या, चारूनं ह्या वेळी कुणाला दंडाला धरलं नाही, की मनात काही घोकलं नाही. ती तिथंच त्यांच्या मागं उभी राहिली. शर्वरी गोंधळली होती, पण तिनं तारा जोडल्या, अंगठी सारखी केली आणि चारूच्या खांद्यावरून समोरचं चित्र पडद्यावर घेतलं: तीन पांढऱ्या टोप्या, तीन मरून पाठी.

एक पाठ उजळली.

"कुंदा," चारू म्हणाली.

दुसरी उजळायच्या आतच ती म्हणाली, "मुमताज." आणि मग, "ती खाजवतेय ती त्रिशला."

"घाम आलाय," त्रिशला भिंतीला म्हणाली.

"अहो मावशी!" शर्वरी खुर्चीतून अर्धवट उठली. पडद्याच्या कडेनं मघाशी मुंग्यांच्या रांगेसारखी चाललेली हिरवी रेघ उसळून वर गेली होती, खाली येऊन पुन्हा वेगळ्याच वळणानं वर गेली होती. "हे बघा! तीन लहरी. तिन्ही वेगळ्या. अशा लख्ख मी कधी बघितल्या नाहीत. मग मघाशी कुठं होत्या ह्या?"

"मघाशी चहा झाला नव्हता," त्रिशला म्हणाली.

"चहाचं असतं तसं," मुमताज म्हणाली. "चहा नसला की तिला सुचत नाही."

"सकाळपासून उपाशी आहे ती," कुंदा म्हणाली. निवृत्त हवालदार कुंदा, जिनं कोर्टात कधी खोटी साक्ष दिली नव्हती.

"पण चहानं असं होत नाही, मावशी. चेहरा बघून काही नाही आणि पाठ बघून एवढं? मला खरं काय ते कळल्याशिवाय पुढं कसं नोंदवू?"

तिन्ही पाठी ताठ झाल्या. मधली किंचित पुढं वाकली. मुमताज आता काहीतरी बोलणार होती, आणखी एखादं खोटं, मेथीच्या जुडीएवढं साधं. त्रिशलानं न बघताच तिचा हात धरलेला चारूला दिसला. कुंदाची मान खाली गेली. त्या अशाच चालवत राहिल्या असत्या. उद्या, परवा, ऑपरेशननंतर, मरेपर्यंत, एकमेकींना न सांगता, एकमेकींच्या आड उभ्या राहून.

"नका गं," चारू म्हणाली. "पुरे आता."

कुणी मागं वळलं नाही. शर्वरीचा हात बटणावर तसाच थांबला.

"मला तुमचे चेहरे ओळखू येत नाहीत," चारू म्हणाली. "दिवाळीपासून. एकीचाही नाही."